परक्या विद्यापीठात माणूस कसा घडतो

जुलै १९१३मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. पाठीशी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. कोलंबिया विद्यापीठाच्या पहिल्या वसतिगृहातलं जेवण त्यांना रुचेना, म्हणून त्यांनी लवकरच मुक्काम हलवला. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी तरुणाबरोबर ते राहू लागले. मुंबईच्या चाळीत एका छोट्या खोलीत अभ्यास केलेल्या, शाळेत वर्गाच्या कडेला बसवल्या गेलेल्या मुलाला इथे वर्गात हवं तिथे बसता येत होतं आणि खाणावळीत सगळ्यांच्या टेबलावर जेवता येत होतं. न्यूयॉर्कला पोहोचून काही आठवडे झाले नाहीत तोच त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं आणि मुलींना शिकवण्याचा आग्रह धरला.

कोलंबियात त्यांनी कोणते विषय घेतले याची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. नाव अर्थशास्त्राचं, पण पाय सगळ्या विभागांत. जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवत, एडविन सेलिग्मन अर्थशास्त्र, जेम्स हार्वे रॉबिन्सन इतिहास. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींविषयीचा निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर जातिव्यवस्था उभी आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. जो अनुभव लहानपणापासून अंगावर झेलला होता, तो त्यांनी इथे अभ्यासाचा विषय म्हणून समोर ठेवला आणि त्याची रचना उलगडून दाखवली. पुढे १९३०मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी नमूद केलं की, आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही सहाध्यायी आणि तिथले थोर प्राध्यापक.

पदवीचा किंवा ग्रंथालयाचा नव्हे, मित्रांचा उल्लेख त्यांनी केला. परदेशी शिक्षणाने तरुण मनात होणाऱ्या बदलाचा शोध घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना शंभर वर्षांनी जे सापडलं, ते याच दिशेचं आहे.

हा शोध वाटतो तितका सोपा नाही. परदेशात शिकून आलेला मुलगा धीट, मोकळा आणि समंजस झाला असं घरचे सांगतात. पण तो आधीपासूनच तसा असेल तर? जो मुळात धीट आहे तोच परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरतो. शिवाय एकोणीस ते पंचवीस या वयात माणूस कुठेही असला तरी बदलतोच. तो पुण्यात राहिला असता तरी दोन वर्षांत वेगळा दिसला असता. त्यामुळे बदल परदेशाचा की वयाचा, हे ठरवायचं तर जाणाऱ्यांना जाण्याआधीच गाठायला हवं आणि त्यांच्याच वयाच्या, मागे राहिलेल्या मुलांशी त्यांची तुलना करायला हवी.

जर्मनीतल्या येना विद्यापीठातले यूलिया त्सिमरमान आणि फ्रान्त्स नायर यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांतून ५२७ परदेशी जाणारे आणि ६०७ मायदेशी राहणारे विद्यार्थी त्यांनी निवडले. जाण्यापूर्वी, तिथे असताना आणि परतल्यावर अशा टप्प्यांवर त्यांच्या स्वभावाच्या चाचण्या घेतल्या. पहिली शंका खरी ठरली: जाणारे विद्यार्थी निघण्याआधीच थोडे वेगळे, जास्त बोलके आणि मिसळणारे होते. पण तो फरक हिशेबात धरूनही काही उरलं. परदेशात राहिलेल्यांची नव्या गोष्टींबद्दलची उत्सुकता वाढली होती, इतरांशी जमवून घेण्याची वृत्ती वाढली होती, आणि लहानसहान गोष्टींनी मन ढवळून निघण्याचं प्रमाण मागे राहिलेल्यांच्या मानाने कमी झालं होतं.

त्यापुढचा त्यांचा निष्कर्ष जास्त मोलाचा आहे. हा बदल घडवला कशाने, याचा माग काढल्यावर उत्तर मिळालं ते नव्या नात्यांचं. परक्या देशात ज्यांच्या आधाराची माणसं नव्याने जोडली गेली, त्यांच्यात बदल जास्त झाला. शहर किती देखणं आणि विद्यापीठ कितव्या क्रमांकाचं, यापेक्षा संध्याकाळी कोणाशी बोलणं होतं हे महत्त्वाचं ठरलं.

आज परदेशी निघालेल्या मराठी मुलांकडे पाहताना हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. मुंबई-पुण्याहून निघण्यापूर्वीच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर रूममेट ठरतात. टेक्सासमध्ये किंवा म्युनिकमध्ये फ्लॅट घेतला जातो तो चार ओळखीच्या, बहुतेकदा एकाच भाषेच्या मुलांचा. कुकर आणि मसाले बॅगेतून गेलेले असतात, आठवड्याचं वाणसामान भारतीय दुकानातून येतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही सोय फार मोठा आधार असते, आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. अडचण होते ती हीच सोय दोन वर्षं टिकली की. मग वर्गात प्राध्यापक परदेशी, बाकी सगळं घरचंच. पदवी मिळते, नोकरीही मिळते, पण ज्या घडणीसाठी एवढा खटाटोप केला ती अर्धवट राहते.

सुरुवातीचा काळ जड जातो, हेही कधीचं ठाऊक आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगॉर यांनी १९५५मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले खूश होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही खूश होते. मधल्या काळात परतलेल्यांना मात्र तिथे जुळवून घेणं अवघड गेलेलं दिसलं. सुरुवातीचा उत्साह, मग उतार, मग हळूहळू चढ, असा हा आलेख. पुढच्या संशोधकांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येकाचा आलेख असाच असतो असं कोणी म्हणत नाही. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवस चार वाजता मावळायला लागल्यावर, घरून आलेल्या फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणणारा मुलगा याच उतारावर असू शकतो.

या उतारावर मूल काय शिकतं? आईने कधी हात लावू न दिलेली कामं तर शिकतंच: भांडी, कपडे, महिन्याचा हिशेब, घरमालकाशी करार. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. त्या तासांत ग्रंथालयाचं काउंटर सांभाळणारा किंवा कॅन्टीनमध्ये ताटं उचलणारा मुलगा पहिल्यांदा स्वतःच्या कष्टाचा पैसा हातात घेतो. आपल्याकडे अभियांत्रिकी शिकणारा मुलगा हे काम करत नाही, घरचेही करू देत नाहीत. श्रमाकडे बघण्याची नजर यातून बदलते आणि ती बदलणं गरजेचं आहे.

वर्गातला बदल याहून खोल असतो. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, ठरलेल्या वेळी त्यांच्या खोलीत जाऊन शंका विचारायच्या, त्यांचं म्हणणं पटलं नाही तर कारण देऊन तसं सांगायचं. दुसऱ्याचं वाक्य उचललं तर त्याचं नाव द्यायचं, नाहीतर ती चोरी धरली जाते. नोट्स पाठ करून पहिला वर्ग मिळवलेल्या मुलांची पहिल्या सत्रात इथेच सर्वांत जास्त दमछाक होते.

मार्गदर्शकाचं म्हणणं पटलं नाही तर कारण देऊन तसं सांगण्याचा एक मोठा दाखला मराठी माणसाच्या घरातलाच आहे. इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला निघाल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. स्वतः जर्मनीत शिकून आलेले पती दिनकर मात्र ठाम पाठीशी होते. काँग्रेसचे जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन खर्चाची सोय झाली. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र विभागाचे प्रमुख ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. हेच फिशर पुढे नाझी वंशधोरणाचे शास्त्रीय आधारस्तंभ ठरले. मानवी कवटीच्या दोन बाजूंतली असमानता मोजण्याचं काम त्यांनी इरावतींना दिलं. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि तिचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, हे त्यातून दिसावं अशी अपेक्षा होती.

इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्यांत असमानता होती, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नव्हता. आणि त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून आलेल्या पंचविशीतल्या तरुणीने मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष मांडला, ही लहान गोष्ट नाही. १९३०मध्ये त्या परतल्या, १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि मोजपट्टी घेऊन देशभर हिंडल्या. मोजमाप काय सांगतं आणि लोक त्यातून काय काढू पाहतात, यातला फरक ओळखण्याचं त्यांचं भान बर्लिनमध्ये पक्कं झालं होतं.

वेगळ्या पद्धतीने विचार करण्याची ही ताकद प्रयोगातही पकडता येते. भिंतीजवळच्या टेबलावर एक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला असतो. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की पेटल्यावर मेण खाली सांडता कामा नये. बहुतेक जण मेणबत्तीला टाचण्या टोचून पाहतात. उत्तर सोपं आहे: टाचण्या ओतून खोका रिकामा करायचा, तो टाचण्यांनी भिंतीवर ठोकायचा आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. खोका हा नुसता टाचण्या ठेवण्याचा नाही, हे सुचायला हवं. विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी अमेरिकेत व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कोडं घातलं आणि २००९मध्ये निकाल प्रसिद्ध केले. परदेशात राहिलेल्यांपैकी ६० टक्क्यांना ते सुटलं, न राहिलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना. नुसतं परदेशात फिरून आलेल्यांना असा फायदा दिसला नाही. एकच गोष्ट एका देशात आदर मानली जाते आणि दुसऱ्या देशात दूरपणा, हे रोजच्या व्यवहारात अनुभवलेल्या माणसाला खोक्याचा दुसरा उपयोगही लवकर दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

राहणं आणि फिरणं यांतला हा फरक पुन्हा पुन्हा समोर येतो. हायो अ‍ॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा अभ्यासांत एकूण १,८७४ जण सहभागी होते. परदेशात राहिलेल्यांना ‘मी कोण आहे’ याची स्पष्टता जास्त होती. ती किती देशांत राहिले यावर अवलंबून नव्हती, किती काळ राहिले यावर होती. कारणही त्यांनी शोधलं. परक्या समाजात राहताना माणूस स्वतःच्या एकेका सवयीकडे पाहून विचारतो, हे मला खरोखर पटतं म्हणून मी करतो, की माझ्या भोवतीचे सगळे करत होते म्हणून?

आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या तेव्हा याच प्रश्नातून त्यांना रोज जावं लागलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना त्यांनी शाकाहार सोडला नाही, लुगडंही सोडलं नाही. पण तिथल्या थंडीत नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने लुगडं नेसू लागल्या. पती गोपाळरावांना हे आवडलं नाही, आणि आनंदीबाईंनी पत्रातून आपली बाजू मांडली. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालेली, नवऱ्याच्या शिस्तीत आणि धाकात शिकलेली ही मुलगी आता त्याला कारणं सांगत होती. काय जपायचं आणि काय बदलायचं हे तिचं तिने ठरवलं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. जेमतेम वर्षभरात, फेब्रुवारी १८८७मध्ये, पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. त्या थंडीने आणि आबाळीने त्यांच्या प्रकृतीकडून जी किंमत घेतली, ती विसरून हा इतिहास सांगता येणार नाही.

बदल नेहमी चांगलाच होतो असंही समजू नये. जॅक्सन लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये याची दुसरी बाजू मांडली. परदेशात शिकायला निघालेल्या फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना त्यांनी अक्षरांची कोडी घातली. त्यातलं एक सुटणारंच नव्हतं, तेव्हा ते सोडवल्याचं सांगणारा खोटं बोलतोय हे उघड होतं. परदेशात काही महिने काढल्यावर खोटं सांगणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं निघालं. पुढच्या चाचण्यांत दिसलं की, जे अनेक देशांतून वरवर फिरले होते त्यांच्यात हा कल जास्त होता. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे पाहिले की नियम म्हणजे सोयीची गोष्ट, असं वाटू लागण्याचा धोका असतो. एकाच समाजात दीर्घकाळ राहून तिथल्या नियमामागचं कारण समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला तो धोका कमी. दोन आठवड्यांच्या ‘स्टडी टूर’साठी लाखो रुपये भरणाऱ्या पालकांनी एवढं जरूर वाचावं.

परतण्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी दांपत्याने १९६३मध्ये दाखवलं की परदेशात जाताना जसा उतार लागतो, तसाच घरी परतल्यावर पुन्हा लागतो. माणूस बदललेला असतो, घर तेच असतं, आणि घरच्यांची अपेक्षा जुन्या माणसाची असते.

आंबेडकरांच्या बाबतीत ‘जुळवून घेणं’ हा शब्दच अपुरा आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी नंतर लिहिलं. १९१७मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सराईत ते उतरले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी संध्याकाळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. न्यूयॉर्कमध्ये ते एका पारशी मित्राबरोबर एकाच खोलीत राहिले होते. त्या मित्राने, नवल भथेनांनी, १९२०मध्ये त्यांना लंडनला परत जायला पैसे उसने दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. १९२३मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. परदेशी शिक्षणाने त्यांना बरोबरीचा अनुभव दिला, आणि तो घेतल्यावर गैरबराबरी सहन करणं त्यांना अशक्य झालं. त्यानंतरचा महाडचा सत्याग्रह, राज्यघटना आणि धम्मदीक्षा समजून घेताना हा अनुभव वगळता येत नाही.

परतीच्या अशाच एका अपमानातून, वेगळ्या देशात, एक मोठी योजना उभी राहिली. सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातच कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली. तिथल्या विद्यापीठाने त्या शिक्षणाला मान्यता दिली नाही, उलट चारचौघांत तिची अवहेलना केली. विद्यार्थ्याने परदेशात केलेला अभ्यास मायदेशी मान्य व्हायलाच हवा, या मागणीसाठी तिने पुढची अनेक वर्षं घालवली. १९८७मध्ये युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी त्यात होते. आजवर विद्यार्थी, शिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मिळून दीड कोटींहून अधिक लोक त्यातून परदेशी जाऊन आले. इटलीत कोराडींना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत. त्या योजनेत खर्चाचा वाटा युरोपीय संघ उचलतो, म्हणून सामान्य घरातली मुलं जाऊ शकतात.

आपल्याकडे मात्र बहुतेकांचा मार्ग कर्जाचा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नाही, पण व्हिसासाठी सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. घर किंवा शेत गहाण ठेवून गेलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून हप्ता दिसतो. तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात डोकावून पाहील, किंवा रविवारी अनोळखी मित्राच्या घरी जेवायला जाईल, ही अपेक्षा त्याच्याकडून कशी करायची? मन मोकळं व्हायला थोडी आर्थिक उसंत लागते.

म्हणून महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मोलाची आहे. अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांचं शुल्क, निर्वाह आणि विमानभाडं तिच्यातून मिळतं. पण दरवर्षीच्या ७५ जागा या राज्याच्या लोकसंख्येसमोर फारच थोड्या आहेत, त्या वाढायला हव्यात आणि निर्वाहाचे पैसे परदेशात वेळेवर पोहोचायला हवेत. बुलढाणा जिल्ह्यातून लंडनला शिकायला गेलेल्या राजू केंद्रे यांनी उभ्या केलेल्या ‘एकलव्य’सारख्या संस्था गावखेड्यातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना अर्ज कसा लिहायचा इथपासून मदत करतात. तालुक्याच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी या योजनांची माहिती आपल्या वर्गात दुसऱ्या वर्षापासूनच सांगावी. शेवटच्या वर्षी उशीर झालेला असतो.

ज्यांच्या घरातून या ऑगस्टमध्ये कोणी निघणार आहे, त्यांनी कर्जाचे आणि हप्त्यांचे हिशेब जरूर करावेत. त्यासोबत मुलाला एवढं सांगावं की पहिलं सत्र संपेपर्यंत ओळखीच्यांबरोबर राहा, पण दुसऱ्या वर्षी खोली घेताना दुसऱ्या देशाचा एक तरी सोबती शोध. आपल्या विषयाबाहेरचा एक तरी वर्ग घे. आणि डिसेंबरात मन उदास झालं तर ते लपवू नको, विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा आणि घरीही सांग. आणि तो परत येईल तेव्हा त्याला कुठे कुठे फिरलास हे विचारण्याआधी कोण कोण भेटलं ते विचारावं आणि निवांत ऐकून घ्यावं.